उशिरा भरलेला अर्ज

नोकरीत दहा-पंधरा वर्षे काढलेली आपल्यातली माणसे अलीकडे माझ्याकडे एक प्रश्न घेऊन येतात. कुणी कारखान्यात व्यवस्थापक असतो, कुणी बँकेत अधिकारी; एक बाई सरकारी रुग्णालयात परिचारिका आहेत. प्रश्न मात्र एकच. "या वयात मोठ्या बिझनेस स्कूलला अर्ज केला तर घेतील का?" विचारताना आवाज खाली येतो, जणू एखादा अपराध कबूल करावयाचा आहे. हाच प्रश्न मी वयाच्या सदतिसाव्या वर्षी स्वतःला विचारला होता. २०२२ साली अर्ज केला, तो फेटाळला गेला. २०२३ साली पुन्हा केला आणि एकोणचाळिसाव्या वर्षी एका नामवंत संस्थेच्या एक वर्षाच्या वर्गात जाऊन बसलो. त्या दोन अर्जांमधील फरक मला जसा समजला तसा येथे मांडतो.

प्रथम उशिराविषयी. माझे आई-वडील ऊसतोडीला जात. मी शासकीय तंत्रनिकेतनातून पदविका घेतली आणि विसाव्या वर्षी तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लागलो. धाकट्या भावाचे शिक्षण, बहिणीचे लग्न, गावच्या घराचे पत्रे हे सारे त्या पगारातून झाले. पदवीचा अभ्यासक्रम मी नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गांना जाऊन अठ्ठाविसाव्या वर्षी पुरा केला. ज्यांचे वडील पदवीधर होते असे माझे सहकारी बाविसाव्या वर्षी जेथे उभे होते तेथे पोहोचायला मला सहा वर्षे अधिक लागली. ही सहा वर्षे मी वाया घालवली नव्हती. ती कुटुंबाने वापरली होती. तरीही अर्ज लिहावयास बसलो तेव्हा मला त्यांची लाज वाटली, हे कबूल केले पाहिजे.

ती लाज निराधार आहे हे आपल्या समाजाने तरी ओळखावयास हवे. बाबासाहेब १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तेथून १९१६ साली लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुढे १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. म्हणजे वाणिज्याच्या महाविद्यालयात शिकविणारा एक संसारी, नोकरदार माणूस. १९२० साली त्यांनी ती नोकरी सोडली. साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज एवढ्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. मागे परळच्या चाळीत रमाबाईंनी घर चालवले. नोकरी सोडून, कर्ज काढून, घर दुसऱ्याच्या खांद्यावर टाकून शिकावयास जाणे म्हणजे काय हे आपल्याला नव्याने कुणी सांगावयास नको. आपण फक्त त्या प्रसंगाकडे जयंतीच्या भाषणातील गोष्ट म्हणून पाहतो, हिशेब म्हणून पाहत नाही.

आता प्रत्यक्ष अर्जाकडे वळू. 'एम.बी.ए.' हा एकच शब्द आपण सर्रास वापरतो. पण त्याच्या पोटात निदान तीन वेगळे अभ्यासक्रम आहेत, आणि चुकीचे दार ठोठावणे ही अनुभवी माणसाची पहिली चूक असते. पहिला प्रकार पूर्णवेळ दोन वर्षांचा. १९०८ साली स्थापन झालेल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलपासून ही परंपरा चालत आली. तेथील वर्गाचे सरासरी वय सत्तावीसच्या आसपास असते. कायद्याने वयाची अट नसते, तथापि अडतीस वर्षांच्या माणसाला 'तुम्ही येथे का?' याचे उत्तर फार पक्के द्यावे लागते. आपल्याकडील आय.आय.एम. संस्थांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम कॅट परीक्षेतून भरला जातो. त्याला अनुभवाची अट नाही आणि त्यात अनुसूचित जातींना १५ टक्के व जमातींना साडेसात टक्के जागा राखीव आहेत.

दुसरा प्रकार अनुभवी माणसांसाठीच आखलेल्या पूर्णवेळ एक वर्षाच्या अभ्यासक्रमांचा. अहमदाबादचा 'पीजीपीएक्स', कलकत्त्याचा 'पीजीपीईएक्स', बंगळूरचा 'ईपीजीपी' हे या जातीचे. परदेशात एम.आय.टी.चा स्लोन फेलोज अभ्यासक्रम १९३१ पासूनच्या परंपरेचा. स्टॅनफर्डच्या 'एमएसएक्स'ला निदान आठ वर्षांचा अनुभव लागतो. फ्रान्समधील इन्सियादचा अभ्यासक्रम दहा महिन्यांचा आहे. तिसरा प्रकार नोकरी न सोडता करावयाच्या शिक्षणाचा. शिकागो विद्यापीठाने १९४३ साली त्याचा पाया घातला. मुंबईत १९६५ साली निघालेल्या जमनालाल बजाज संस्थेचे संध्याकाळचे तीन वर्षांचे अभ्यासक्रम कित्येक नोकरदारांनी केले आहेत. ज्याच्या एका पगारावर सहा माणसे जेवतात त्याने या तिसऱ्या प्रकाराकडे दुय्यम म्हणून पाहू नये.

येथे दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला राखीव जागा आहेत म्हणून एक वर्षाच्या अभ्यासक्रमालाही त्या असतील असे गृहीत धरू नये. त्या-त्या संस्थेचे त्या वर्षीचे माहितीपत्रक ओळ न् ओळ वाचावे. हैदराबादची इंडियन स्कूल ऑफ बिझनेस ही तर खाजगी संस्था आहे. दुसरी, मोठ्या संस्थांच्या नावाने काही महिन्यांची प्रमाणपत्रे भरपूर शुल्क घेऊन दिली जातात. त्यांतून काही शिकता येत नाही असे नाही. पण चाळणी लावून मिळणारा प्रवेश आणि पैसे भरून मिळणारे प्रमाणपत्र यांतला फरक नोकरी देणारे ओळखतात. आमच्या एका मित्राने भविष्यनिर्वाह निधीतले पैसे काढून असे प्रमाणपत्र घेतले आणि नंतर तो पस्तावला.

पहिला धक्का मला अर्जाच्या दुसऱ्याच पानावर बसला. 'पदवीनंतरचा पूर्णवेळ अनुभव किती?' असा रकाना होता. मी सतरा वर्षे कारखान्यात होतो. त्यांपैकी पदवीनंतरची नऊ. पदविकेच्या बळावर यंत्राशेजारी काढलेली आठ वर्षे त्या रकान्यात मावत नव्हती. या अभ्यासक्रमांना पदवीनंतरचा किमान चार-पाच वर्षांचा अनुभव पुरतो, त्यामुळे मी अपात्र ठरलो नाही. पण नियम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण माणूस होता हे त्या रकान्यातून दिसले: जो आधी शिकतो आणि मग कमावतो तो. जो शिकण्यासाठी आधी कमावतो त्याची आठवण कुणाला झाली नव्हती. माझा सल्ला असा की रकान्यात नियमाप्रमाणेच आकडा लिहावा, एकही महिना वाढवू नये. कारण प्रवेशानंतर कागदपत्रांची तपासणी होते. राहिलेली वर्षे कार्यवृत्तात, म्हणजे रेझ्युमेत, वेगळ्या शीर्षकाखाली स्वच्छ लिहावीत.

परीक्षेची भीती आपल्याकडे सर्वांत मोठी असते, आणि माझ्या मते ती सर्वांत कमी रास्त आहे. जीमॅट ही परीक्षा १९५० च्या दशकापासून चालू आहे. मी दिली ते तिचे जुने रूप. नोव्हेंबर २०२३ पासून नवे रूप आले. त्यात गणित, भाषा आणि माहितीचे विश्लेषण असे तीन भाग, प्रत्येकाला ४५ मिनिटे, एकूण ६४ प्रश्न, आणि गुण २०५ ते ८०५ या पट्टीवर. गुण पाच वर्षे ग्राह्य धरले जातात. मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी महत्त्वाची गोष्ट अशी की इंग्रजी वाक्यातील चुका ओळखण्याचे प्रश्न आता काढून टाकले आहेत. भूमितीही गेली. भाषेच्या भागात उतारा समजून घेणे आणि युक्तिवाद तपासणे एवढेच उरले: अमुक निष्कर्ष कोणत्या गृहीतावर उभा आहे, तो कशाने ढासळतो. आता, वरच्यांनी सांगितलेल्या युक्तिवादातले गृहीत शोधून काढण्याचे शिक्षण आपल्याला कुणी कमी दिले आहे काय? त्या भागात मला अपेक्षेपेक्षा अधिक गुण मिळाले. गणितात मात्र वीस वर्षांची धूळ होती. रोज पहाटे पाच ते साडेसहा असा सहा महिने अभ्यास केला, तेव्हा ती झटकली गेली. परीक्षेचे शुल्क वीस हजारांच्या पुढे असल्याने 'एकदा बसून पाहू' ही चैन परवडत नाही. अधिकृत सराव-परीक्षा घरी वेळ लावून सोडवाव्यात आणि मगच तारीख घ्यावी.

खरा कस लागतो तो निबंधात. जवळजवळ सर्व संस्था तीन गोष्टी विचारतात: हे शिक्षण कशासाठी, आताच का, आणि आमच्याकडेच का. अनुभवी उमेदवाराच्या बाबतीत 'आताच का' या प्रश्नाला धार येते. संस्थेच्या मनात शंका असतात. हा माणूस आपल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान मुलांच्या शेजारी बसून शिकेल का? की सगळे येते म्हणून बसून राहील? बाहेर पडल्यावर याला कोण नोकरी देईल? या शंका अपमानास्पद नाहीत, व्यावहारिक आहेत. आणि त्यांना व्यावहारिक उत्तर देता येते.

माझा पहिला निबंध एका सल्लागाराकडून सुधारून घेतलेला होता. त्यात मी १२० माणसांचे नेतृत्व करणारा, उत्पादन वाढविणारा, जागतिक दृष्टीचा वगैरे होतो. त्यात गाव नव्हते, पदविका एका ओळीत उरकली होती आणि वाक्ये इतकी गुळगुळीत होती की ती कुणाचीही असू शकली असती. नकार आला. मग रागाने मी दुसरे टोक गाठले. दुसऱ्या वर्षीच्या पहिल्या कच्च्या मसुद्यात ऊसतोडीची पालं, अर्धपोटी झोप, वसतिगृहातील अपमान असे सारे ओतले. आपल्या साहित्याने आत्मकथनाची मोठी परंपरा निर्माण केली आहे आणि तिच्या संस्कारात मी वाढलो; लेखणी आपोआप तिकडे गेली. मसुदा वाचून माझी बायको म्हणाली, "यात तुमच्यावर काय काय झालं ते सगळं आहे. तुम्ही काय केलंत, ते कुठं आहे?"

तिच्या त्या प्रश्नाने अर्जलेखनाचे मर्म मला कळले. आत्मकथन समाजाला साक्ष देते. अर्ज वाचणाऱ्याला साक्ष नको असते. या माणसाने अडचणीच्या वेळी कोणता निर्णय घेतला, कशाच्या आधारे घेतला आणि त्याचे काय झाले, हे त्याला पाहावयाचे असते. म्हणून मी एक प्रसंग निवडला. पॉवर प्रेसवर दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबावयाची दोन बटणे असतात. दोन्ही हात बटणांवर असल्याखेरीज साचा खाली येऊ नये आणि बोटे शाबूत राहावीत एवढाच त्यांचा हेतू. एका महिनाअखेरीस वेग वाढविण्यासाठी एक बटण तारेने बांधून ठेवलेले मला आढळले. कामावर कंत्राटी मुले होती. मी चार प्रेस बंद करविल्या. नऊ तास काम थांबले, माल उशिरा गेला आणि मला लेखी समज मिळाली. पुढच्या तीन महिन्यांत साचा बदलण्यास लागणारा वेळ सत्तर मिनिटांवरून पंचवीसवर आणून आम्ही तेच उत्पादन बटणे जागेवर ठेवून काढले. हे नेतृत्व असते हे मला ठाऊकच नव्हते. माझ्या लेखी तो समजपत्र मिळाल्याचा प्रसंग होता.

मग जात लिहावी की नाही? हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. माझे मत असे की ती लपवू नये आणि विकूही नये. निर्णयाचे कारण समजण्यासाठी जेथे ती आवश्यक आहे तेथे ती यावी. मी दोनच वाक्ये लिहिली: ती मुले माझ्याच तालुक्यातील आणि माझ्यासारख्याच वस्त्यांतील होती; त्यांची बोटे गेली तर त्यांच्या घरात पुढची पिढी शाळेत जाणार नाही हे मला आकडेमोड न करता कळत होते. एवढे पुरले. परदेशी संस्थेला लिहिताना थोडे अधिक उलगडावे लागते. अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ साली भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला, म्हणजे हा शब्द तेथे अगदीच परका राहिलेला नाही. तरीही वाचणाऱ्याला आपली सामाजिक रचना माहीत आहे असे धरून चालू नये.

शिफारसपत्र हा आपल्या माणसांना नडणारा आणखी एक टप्पा. एक किंवा दोन पत्रे लागतात आणि ती वरिष्ठाने स्वतः थेट संस्थेकडे पाठवावयाची असतात. बहुतेक ठिकाणी दोन गोष्टी विचारतात: त्याच जागेवरील इतर चांगल्या माणसांच्या तुलनेत हा उमेदवार कसा आहे, आणि तुम्ही त्याला कोणती महत्त्वाची सुधारणा सुचविली व त्याने ती कशी घेतली. म्हणजे साहेबाला तुमचे काम तपशिलाने आठवत असले पाहिजे. माझ्या तेव्हाच्या वरिष्ठांना विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, "आता या वयात? तुमच्या लोकांना तर सगळं मिळतंच." सतरा वर्षे ज्याच्या खात्यात एकही मोठा अपघात झाला नाही त्याला मिळालेले हे उत्तर. मी वाद घातला नाही. आधीच्या एका वरिष्ठांकडे गेलो. ते निवृत्त झाले होते, पण प्रेसचा तो प्रसंग त्यांना आठवत होता. 'तूच लिहून आण, मी सही करतो' असे कुणी म्हटले तर नम्रपणे नाही म्हणावे. तो खोटेपणा होतो, आणि एकाच हाताने लिहिलेले निबंध व पत्र ओळखू येते. आपण फक्त एक पानभर टिपणे द्यावीत: कोणते काम, कोणते वर्ष, काय घडले.

मुलाखतीत मला पदवीला झालेल्या उशिराबद्दल विचारले. पहिल्या वर्षी मी 'घरच्या अडचणींमुळे' असे मोघम पुटपुटलो होतो. दुसऱ्या वर्षी सरळ हिशेब सांगितला: या वर्षी भावाचे शुल्क, या वर्षी लग्न, या वर्षापासून माझे संध्याकाळचे वर्ग, आणि त्याच काळात कामात मिळालेल्या दोन बढत्या. समोरच्यांनी पुढचा प्रश्न कारखान्यावर विचारला. हिशेब दिला की माणूस अपराधी राहत नाही, एवढा धडा मी त्या खोलीतून घेऊन आलो.

शेवटी पैसा, आणि येथे व्यक्तीची जिद्द पुरत नाही. नामवंत संस्थांच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचे शुल्क आज तीस लाखांच्या वर आहे. हार्वर्डसारख्या ठिकाणी दोन वर्षांचा एकूण खर्च दोन लाख डॉलरच्या पुढे जातो, जरी तेथे गरजेनुसार साहाय्य मिळते. त्यात बुडालेला पगार मिळवावयास हवा. बँकांच्या सर्वसाधारण योजनेत साडेसात लाखांपुढील शैक्षणिक कर्जाला तारण मागतात. गावठाणातल्या दोन खोल्या कोणती बँक तारण म्हणून घेणार? काही बँका ठराविक नामवंत संस्थांसाठी तारणाशिवाय मोठे कर्ज देतात. त्या यादीत आपली संस्था आहे की नाही हे अर्जाच्या आधी पाहावे. तीस लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी दहा वर्षांत फेडावयाचे तर महिना सुमारे ३८,८०० रुपये हप्ता पडतो. नोकरी मिळाली नाही तरी हा हप्ता थांबत नाही. व्याजावर आयकरात आठ वर्षे सवलत आहे, पण ती जुन्या करपद्धतीत.

शिष्यवृत्त्यांचे काय? केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. दोन्हींनी आपल्या कित्येक मुलामुलींना जग दाखविले, याबद्दल वाद नाही. पण पदव्युत्तर शिक्षणासाठी दोन्हीकडे वयाची अट पस्तीस वर्षांची, आणि केंद्राच्या योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे. मी दोन्ही दारांबाहेर उभा होतो. दहा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला पगार असणारच. आणि पहिल्या पिढीच्या शिकलेल्या माणसाचा पगार किती घरांत वाटला जातो हे उत्पन्नाच्या दाखल्यावर कुठे लिहिलेले नसते. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला कमाल वयाची अट नाही; दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा, अनुभव लागतो आणि परतल्यावर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. एम.बी.ए.च्या शुल्काला तिच्यात कमाल मर्यादा आहे, तरी तिशी-पस्तिशी ओलांडलेल्यांनी ती पाहावी. इंग्रजांच्या शिष्यवृत्तीला उशिरा आलेला माणूस चालतो आणि बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्या आपल्या सरकारांना चालत नाही, हा विरोधाभास आपल्या संघटनांनी मागण्यांच्या यादीत घालावा असे मला वाटते. वयाची अट निदान पहिल्या पिढीच्या पदवीधरांसाठी शिथिल व्हावी, आणि उत्पन्न मोजताना त्यावर अवलंबून असलेली माणसेही मोजली जावीत.

तोवर जे पस्तिशीच्या आत आहेत त्यांनी वाट पाहू नये. अर्ज आजच मागवावा. जे पलीकडे आहेत त्यांनी आधी घरी बसून वहीत आकडे मांडावेत, आणि आकडे नाही म्हणत असतील तर संध्याकाळच्या वर्गाला जाण्यात कमीपणा मानू नये. माझ्यापुरते सांगावयाचे तर मार्च २०२५ मध्ये अभ्यासक्रम संपला, पुण्यात नोकरी लागली. पगार वाढला, वाढीचा जवळजवळ अर्धा भाग हप्त्यात जातो. भावाने त्या वर्षभर आईला सांभाळले, त्याशिवाय हे घडले नसते.

त्या परिचारिका बाई परवा पुन्हा आल्या होत्या. त्यांच्या निबंधाचे पहिले वाक्य होते, "मला उशीर झाला याबद्दल क्षमस्व." ते वाक्य त्यांनी माझ्यासमोरच खोडले आणि त्याखाली साथीच्या काळात आपल्या वॉर्डात खाटांची वाटणी कशी केली ते लिहावयास सुरुवात केली. अर्जाची मुदत संपावयास अजून अकरा दिवस आहेत.